कागद दाखल झाला, पण शाबीत झाला का? पुरावा वाचनात आणण्याची आणि साक्षीदार तपासण्याची रीत

दाव्यासोबत पन्नास-साठ कागदांची यादी जोडली की आपली बाजू भक्कम झाली, असं पक्षकाराला वाटतं. मग काही वर्षांनी निकालपत्र हातात येतं आणि त्यात एक ओळ असते: "सदर दस्त वादीने शाबीत केलेला नाही, सबब तो पुराव्यात वाचता येणार नाही." या एका ओळीने हरलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यातल्या अनेकांची बाजू खरी होती. कागद असूनही तो कोणत्या साक्षीदारामार्फत आणि कोणत्या टप्प्यावर न्यायालयासमोर ठेवायचा, याचा विचार झालेला नसतो. साक्षीदारांचंही तसंच. खोटं बोलणारा साक्षीदार समोर उभा असतो, त्याचा जुना जबाब वकिलाच्या हातात असतो आणि तरी विसंगती नोंदीवर येत नाही. हे कसं टाळायचं ते क्रमाने सांगतो. नव्याने वकिली करणारे माझ्या डोळ्यांसमोर आहेत, पण स्वतःच्या खटल्यात काय चाललंय हे कळावं असं वाटणाऱ्या पक्षकारानेही वाचावं.

आधी कायदा कोणता ते ठरवा

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 लागू झाला आणि 1872 चा पुरावा कायदा रद्द झाला. पण नव्या कायद्याच्या कलम 170 प्रमाणे त्या दिवसाच्या लगेच आधी जे खटले, चौकश्या आणि अपिलं प्रलंबित होती, ती जुन्याच कायद्याने पुढे चालतात. त्यामुळे अजून बरीच वर्षं दोन्ही कायदे टेबलावर ठेवावे लागणार. तत्त्वं बहुतांशी तीच आहेत, क्रमांक बदलले आहेत. पुढे कायद्याचं नाव न देता कलम सांगितलं असेल, तर ते या नव्या साक्ष्य अधिनियमाचं. ज्यांची रोज गरज पडते ते पाठच करा. मृत्युपूर्व जबाबाचं जुनं कलम 32 आता 26 झालं आहे. आरोपीच्या माहितीवरून वस्तू सापडण्याचं 27 आता कलम 23 च्या परंतुकात, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या जोडवाक्यात आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं 65-ब आता 63, पूर्वीच्या लेखी जबाबाने साक्षीदाराला खोडण्याचं 145 आता 148, फितूर साक्षीदाराचं 154 आता 157 आणि न्यायाधीशांच्या प्रश्न विचारण्याच्या अधिकाराचं 165 आता 168. अर्जात चुकीचा क्रमांक लिहिला म्हणून अधिकार जात नाही, पण समोरच्याला अर्धा दिवस वाद घालायला निमित्त मिळतं.

तीन प्रश्न, याच क्रमाने

कोणताही कागद किंवा कोणतंही वाक्य पुराव्यात आणण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. वादातल्या मुद्द्याशी त्याचा संबंध आहे का? संबंध असला तरी कायदा ते येऊ देतो का? आणि येऊ देत असेल, तर ते शाबीत कोण करणार?

पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नातला फरक एका उदाहरणात दिसतो. आरोपी पोलिसांना म्हणाला, "मीच मारलं आणि कोयता विहिरीमागच्या गवतात लपवला." मुद्द्याशी याहून जवळचं काय असणार? तरीही पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. त्या निवेदनावरून कोयता खरोखर निघाला, तर ज्या भागामुळे तो सापडला तेवढाच भाग वाचता येतो, म्हणजे "कोयता विहिरीमागच्या गवतात लपवला" एवढाच. "मीच मारलं" हे शब्द नाहीत. 1946 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात घालून दिलेली ही रेघ आजही कायम आहे. बचाव पक्षात असाल तर निवेदन पंचनाम्याला निशाणी (पुराव्यातल्या कागदाला न्यायालय देतं तो क्रमांक) पडताना पूर्ण मजकूर वाचला जातोय का, तिकडे लक्ष ठेवा. अनेकदा सगळंच निवेदन साक्षीत उतरतं आणि कोणी हरकत घेत नाही.

कागद शाबीत करणं

न्यायालयाला मूळ कागद हवा असतो. झेरॉक्स जोडून भागत नाही. मूळ प्रत हरवली, नष्ट झाली किंवा समोरच्याच्या ताब्यात आहे, असं कलम 60 मधलं एखादं कारण असेल तरच दुय्यम पुरावा, म्हणजे मूळ कागदाऐवजी त्याची प्रत वगैरे, देता येतो, आणि ते कारणही आधी शाबीत करावं लागतं. मूळ प्रत समोरच्याकडे असेल तर कलम 64 ची नोटीस द्या आणि तिची स्थळप्रत व पोच जपून ठेवा. कागद हरवला असेल तर तो शेवटचा कोणाकडे होता, कुठे शोधला, हे साक्षीत यायला हवं. "मूळ दस्त गहाळ झाला आहे" एवढं एक वाक्य शपथपत्रात टाकून दुय्यम पुराव्याची परवानगी मागितली, तर उलटतपासणीत ती बाजू ढासळते.

यानंतर सही आणि मजकूर. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि गल्लत इथेच होते. पावतीवरची सही अमक्याची आहे, हे ती करताना पाहिलेला किंवा त्याचं हस्ताक्षर ओळखणारा माणूस सांगू शकतो. पण पावतीत लिहिलेली रक्कम खरोखर दिली गेली का, हे सांगायला तो व्यवहार माहीत असलेला साक्षीदार लागतो. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, अभियंत्याचा मोजणी अहवाल, खाजगी मूल्यांकन यांचे लेखक पिंजऱ्यात आले नाहीत, तर सही मान्य होऊनही मजकूर लटकत राहतो. म्हणून साक्षीदारांची यादी करताना कागदांची यादी शेजारी ठेवा आणि प्रत्येक कागदापुढे नाव लिहा: हा कोण शाबीत करणार? नाव सुचत नसेल त्या कागदाची तजवीज त्याच दिवशी सुरू करा.

मृत्युपत्राला साक्षीदारांची सही कायद्यानेच आवश्यक असते. त्यातला किमान एक हयात असेल आणि न्यायालयात येऊ शकत असेल, तर त्याला तपासावंच लागतं. सरकारी अभिलेखाची प्रमाणित प्रत मात्र थेट चालते. तीस वर्षांपूर्वीचा दस्त योग्य ताब्यातून आला, तर त्यावरची सही आणि हस्ताक्षर खरं असल्याचं न्यायालय गृहीत धरू शकतं. 'शकतं' हा शब्द लक्षात ठेवा, तसं केलंच पाहिजे असं बंधन न्यायालयावर नाही.

सातबाऱ्याबद्दल गैरसमज फार आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद उलट शाबीत होईपर्यंत खरी मानली जाते. ही नोंद महसुलाच्या कामासाठी असते. तिने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. मालकीचा वाद असेल तर खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा यांचा पुरावा वेगळा द्यावाच लागतो. फक्त फेरफाराच्या भरवशावर दावा लढवू नका.

शाबितीचं बरंचसं ओझं सुरुवातीलाच कमी करता येतं. दिवाणीत समोरच्याला कागद कबूल करण्याची नोटीस देता येते, फौजदारीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 330 खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 294) कागदांचा खरेपणा मान्य आहे की नाही हे विचारता येतं. हे अर्ज फार थोडे लोक करतात. जे कागद वादातच नाहीत त्यांच्यासाठी साक्षीदार हेलपाटे घालतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हरकत कधी घ्यायची

हरकतींचे दोन प्रकार आहेत. कागद मुळातच अग्राह्य असेल, म्हणजे कायदा तो पुराव्यात येऊच देत नसेल, तर निशाणी पडल्यावरही आणि अपिलातही तो मुद्दा काढता येतो. पण कागद ग्राह्य असून तो शाबीत करण्याची पद्धत चुकली असेल, उदाहरणार्थ मूळ प्रतीऐवजी झेरॉक्स आली, तर हरकत त्याच वेळी घ्यावी लागते. नंतर घेतलेली ऐकली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये व्यंकटचल गौंडर प्रकरणात दिलेलं कारण न्याय्य आहे: वेळीच सांगितलं असतं तर समोरच्याने मूळ प्रत आणली असती, योग्य साक्षीदार बोलावला असता. गप्प राहून त्याची ती संधी हिरावता येत नाही.

मुद्रांकाचं तंत्र याहून कडक. अपुरा मुद्रांक असलेला दस्त पुराव्यात घेता येत नाही, पण एकदा तो घेतला गेला की मुद्रांकाच्या कारणावरून पुढे त्याच दाव्यात वाद काढता येत नाही. म्हणून ही हरकत निशाणी पडण्याआधीच घ्यायची आणि तिच्यावर तिथल्या तिथे निर्णय मागायचा. बिपीन पांचाळ प्रकरणात 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर हरकती नोंदवून, दस्ताला तात्पुरती निशाणी देऊन निर्णय शेवटी करण्याची मुभा दिली, तेव्हाही मुद्रांकाची हरकत त्यातून वगळली होती.

तोंडी "ऑब्जेक्शन" म्हणून खाली बसू नका. साक्षीच्या कागदावर हरकत उतरली का, कारणासह उतरली का, ते बघा. न नोंदलेली हरकत अपिलात नसल्यासारखीच.

दिवाणी दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18 नियम 4 प्रमाणे सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराची त्याला बोलावणाऱ्या बाजूने घेतलेली पहिली साक्ष, शपथपत्रावर होते. शपथपत्रात कागदांचा उल्लेख आला म्हणजे ते आपोआप शाबीत झाले, असं नाही. त्यांची शाबिती आणि ग्राह्यता न्यायालयाच्या आदेशावर अवलंबून राहते, हे त्याच नियमात लिहिलं आहे. समोरच्याचं शपथपत्र हाती आलं की त्यातली ऐकीव वाक्यं आणि युक्तिवाद अधोरेखित करा आणि उलटतपासणी सुरू होण्याआधी लेखी हरकत द्या. एक गोष्ट दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवावी: कागदाला निशाणी पडली म्हणजे तो शाबीत झाला, असा अर्थ होत नाही. निशाणी ही ओळखीपुरती असते.

मोबाइल, सीसीटीव्ही, व्हॉट्सॲप

इथे लोक सर्वाधिक हरतात. जालना मतदारसंघाच्या निवडणूक याचिकेत मुद्दा होता तो उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतले गेले का, हा. पुरावा म्हणून निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण होतं. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही. त्या प्रकरणात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केलं, तर त्याची गरज नाही. आणि पक्षकाराने शक्य ते सगळं करूनही संबंधित माणूस प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवावं.

नव्या कायद्याने कलम 63 सोबत प्रमाणपत्राचा नमुनाच अनुसूचीत दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत. भाग 'अ' नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य आणि ते कोणत्या पद्धतीने काढलं हे लिहायचं असतं. हॅश म्हणजे फाइलचा ठसा. एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. म्हणून फाइल हाती येताच, ती कोणाला पाठवण्याआधी हॅश काढून ठेवा. व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवलेला व्हिडिओ दाबला जाऊन लहान होतो आणि त्याचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रती काढून फोन विकून टाकलेला पक्षकार भेटला, की त्याला काय सांगावं ते सुचत नाही. फोन विकू नका, रीसेट करू नका, संभाषण पुसू नका.

उलटतपासणी: विसंगती नोंदीवर आणणं

उलटतपासणी म्हणजे साक्षीदारावर आवाज चढवणं, असं ज्याला वाटतं त्याचं बहुतेक काम वाया जातं. तिची तयारी आदल्या रात्री करायची असते, दोन कागद शेजारी ठेवून: एकीकडे साक्षीदाराचा पोलिसांपुढचा जबाब (फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 161, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 180), दुसरीकडे न्यायालयातली साक्ष किंवा फिर्याद.

समजा साक्षीदार आज म्हणाला, "खांबावर दिवा होता, मी आरोपीला ओळखलं." जबाबात लिहिलं आहे, "अंधार असल्याने मारणाऱ्याचा चेहरा दिसला नाही." पायऱ्या अशा आहेत.

आधी आजचं विधान पक्कं करून घ्या: "तुम्ही आज न्यायालयात सांगितलं की दिव्याच्या उजेडात आरोपीला ओळखलं, बरोबर?" मग जबाबाकडे या: पोलिसांनी जबाब घेतला होता का, कधी, वाचून दाखवला होता का. सहीबद्दल विचारू नका, या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते. यानंतर कलम 148 प्रमाणे नेमका तोच भाग त्याच्या नजरेला आणा, पूर्ण जबाब नाही. तो म्हणाला, "होय, असं सांगितलं होतं", तर विसंगती तिथेच शाबीत झाली. तो म्हणाला, "मी असं सांगितलं नव्हतं", तर त्या भागाला 'भाग अ' अशी खूण करून घ्या. काम इथे अर्धंच झालेलं असतं. पुढे तपासी अंमलदार साक्षीला येईल, तेव्हा त्याला विचारायचं, "या साक्षीदाराने भाग अ मधला मजकूर तुम्हाला सांगितला होता का?" तो हो म्हणाला की विसंगती पूर्ण झाली. हा दुसरा प्रश्न विसरला, तर भाग अ पुराव्यात येत नाही आणि युक्तिवादात त्यावर बोट ठेवता येत नाही. अंमलदाराच्या साक्षीच्या दिवशी सगळ्या साक्षीदारांच्या अशा खुणांची यादी हातात हवी.

ओमिशनची, म्हणजे जबाबात एखादी गोष्ट सांगितलीच नसण्याची, रीत जराशी निराळी. जबाबात दिव्याचा उल्लेखच नसेल तर दाखवायला भाग नाही. तेव्हा विचारा, "खांबावर दिवा होता, हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का?" मराठी साक्षीत येणारं उत्तर ठरलेलं आहे: "सांगितलं होतं. जबाबात तसं का नमूद नाही, याचं कारण मी सांगू शकत नाही." ते तसंच नोंदवून घ्या. मग अंमलदाराकडून वदवून घ्या की साक्षीदाराने तसं सांगितलं नव्हतं. प्रत्येक ओमिशन कामाचं नसतं. जी गोष्ट साक्षीदार तेव्हा सांगितल्याशिवाय राहिलाच नसता, तिचीच वगळणूक विसंगतीच्या तोलाची ठरते. शर्टाच्या रंगावर वीस प्रश्न विचारलेत की दिव्याचा एक प्रश्न त्यात बुडून जातो.

पोलीस जबाब सरकारी साक्षीदाराला खोडण्यापुरताच वापरता येतो. तो स्वतंत्र पुरावा नाही, आणि बचावाच्या साक्षीदाराला त्याच्या पोलीस जबाबाने खोडता येत नाही.

स्वतःची बाजू मांडणं

समोरच्या साक्षीदाराच्या ज्या विधानाला तुम्ही आव्हान दिलं नाही, ते तुम्हाला मान्य आहे असं धरलं जाऊ शकतं. म्हणून तुमची बाजू सूचक प्रश्नांनी (न्यायालयाच्या भाषेत 'सूचना') त्याच्यापुढे ठेवा. उत्तर "असे म्हणणे खोटे आहे की..." असंच येणार, तरी ती नोंद लागते. पण जपून. 2023 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बचावाच्या वकिलाने साक्षीदाराला केलेली सूचना आणि तिचं उत्तर हेही पुराव्याचा भाग असतात. "झटापटीत आरोपीकडून वार लागला" अशी सूचना केली, तर आरोपी घटनास्थळी होता हे तुम्हीच सांगितलं. पक्षकाराशी बसून बचाव एकच ठरवा, आणि सूचना त्याच्या बाहेर जाऊ देऊ नका.

साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवर हल्ला करायला कलम 158 मार्ग देतं: त्याने लाच घेतली, त्याचं पूर्वीचं विधान वेगळं होतं, वगैरे. मात्र केवळ चारित्र्याबद्दलच्या प्रश्नाला त्याने नकार दिला, तर तो खोटा पाडायला वेगळा पुरावा सहसा देता येत नाही. अपवाद दोन: आधीची शिक्षा आणि पक्षपात. लैंगिक गुन्ह्यात संमतीचा मुद्दा असला तरी पीडितेच्या पूर्वीच्या लैंगिक संबंधांबद्दल किंवा चारित्र्याबद्दल विचारायला कलम 149 चं परंतुक बंदी घालतं. ही बंदी मनापासून पाळा, आणि समोरच्याने मोडली तर उभं राहा.

दिवाणीत उलटतपासणीच्या वेळी आधी दाखल न केलेला कागदही साक्षीदाराला दाखवता येतो. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पक्षकार स्वतः साक्षीदार म्हणून उभा असेल, तर त्यालाही तो दाखवता येतो. पण साक्षीदाराने कागद नाकारला, तर तो शाबीत करण्याची जबाबदारी तुमच्यावर राहते.

आपलाच साक्षीदार उलटला तर

न्यायालयाच्या परवानगीने कलम 157 खाली त्याला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारता येतात. फितूर ठरला म्हणून त्याची साक्ष पुसली जात नाही. त्यातला विश्वासार्ह भाग दोन्ही बाजू वापरू शकतात. म्हणून बचावाच्या वकिलाने आनंदून "उलटतपास नाही" म्हणू नये. सरतपासणीत तो उलटला असला तरी पंचनाम्यावरची सही त्याने कबूल केली असेल, तर तेवढंही सरकार पक्षाच्या कामाचं असतं.

न्यायाधीश कलम 168 खाली कधीही, कोणताही प्रश्न विचारू शकतात. त्या उत्तरावर पुन्हा उलटतपासणी करायची असेल तर परवानगी मागावी लागते, आणि ती तिथेच मागा. राहून गेलेल्या मुद्द्यासाठी साक्षीदार परत बोलावता येतो, दिवाणीत आदेश 18 नियम 17 खाली आणि फौजदारीत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 348 खाली. पण नुसती पोकळी भरून काढायला न्यायालयं हे सहज मान्य करत नाहीत.

साक्ष टंकलिखित होऊन सहीसाठी येते तेव्हा घाई असते, पुढचं प्रकरण पुकारलेलं असतं. तरी साक्षीदाराच्या सहीआधी ती ओळ न् ओळ वाचा. "नाही" हा शब्द गळला आहे का, हरकत उतरली आहे का, भाग अ ची खूण पडली आहे का, निशाणी क्रमांक बरोबर आहे का. चूक असेल तर साक्षीदार पिंजऱ्यात असतानाच न्यायालयाच्या लक्षात आणून द्या, कारण दुसऱ्या दिवशी त्यासाठी अर्ज लागेल आणि त्या अर्जावर समोरच्याचं म्हणणं येईल.